एकादशीची सुई

अण्णांनी माझा सल्ला आयुष्यात एकदाच विचारला. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि मी लगेच उत्तर दिलं. लगेच उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी बाकाकडे बघत उभी राहायचे. त्या दिवशी मात्र बोलून गेले, आणि पुढची दोन वर्षं आमच्या घरात दर पंधरा दिवसांनी माझ्या त्या एका वाक्याप्रमाणे सगळं चाललं.

घरात आम्ही दोघंच. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या वडिलांना अण्णाच म्हणतात. बंगलोरात राहून राहून आमच्या मराठीत किती कन्नड मिसळलं आहे ते आम्हाला बाहेरचं कोणी हसलं की कळतं. अण्णा सर्व्हे खात्यात नकाशे रंगवायचे. तलावांना निळा, बागायतीला हिरवा, कोरडवाहूला पिवळा. ते निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. मला भावंडं नाहीत. आई होती तोवर आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची वेळच येत नसे. जे सांगायचं ते तिला सांगायचं, ती ते पलीकडे पोचवायची. ती गेल्यावर आम्ही एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे सभ्यपणे राहू लागलो.

अण्णांना मधुमेह होता आणि रोज सकाळी इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, औषधाची बाटली तळहातात फिरवून कोमट करायची, त्यांनी दंडावरची जागा दाखवायची, मी टोचायची. हे सगळं त्यांच्या आंघोळीआधी. बाटलीच्या खोक्यातल्या कागदावर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेलं असे की औषध कुठल्या जनावरांच्या ग्रंथीतून काढलं आहे. अण्णांना ते वाचता येत होतं, मलाही येत होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. सुई झाली की ते उठून न्हाणीघरात जायचे आणि डोक्यावरून पाणी घेऊन मगच देवघरात पाऊल टाकायचे.

सुईच्या आधी लघवीची तपासणी असे. परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर निळं ते निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी, आणि फार असली तर विटेसारखं लाल. नळी मी धरायची आणि रंग अण्णा ठरवायचे, कारण रंगाच्या बाबतीत ते दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवत नसत. त्यांनी एक वही केली होती. तीत रोजच्या तारखेपुढे एक चौकोन, आणि त्या चौकोनात त्या दिवशीच्या नळीचा रंग, आपल्या जुन्या रंगपेटीतून हुबेहूब जुळवून भरलेला. महिना संपला की ते पान एखाद्या गावाच्या नकाशासारखं दिसे.

आता एकादशीबद्दल. आमच्यात एकादशी म्हणजे साबुदाणा आणि रताळी नव्हेत. अन्न नाही, फळ नाही, पाणीही नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पहाटे उठून, आवळ्याची चटणी आणि अगस्तीच्या पाल्याची भाजी करून, लवकर पारणं फेडायचं. आई असताना घरातली एकादशी ती करायची. अण्णा तिच्यादेखत फोडणीचे पोहे खायचे आणि ती त्यांना म्हणायची, "खा, खा. माझ्या पुण्यातलं अर्धं तुमच्या नावावर लागतंच आहे." ती गेल्यावर पहिल्या एकादशीला मी पोहे भिजवायला घेतले तर अण्णा म्हणाले, "नको. आता घरात कुणीतरी करायला पाहिजे."

त्या दिवशी रविवार होता. सुई रोजच्यासारखी सकाळीच झाली होती. अकराच्या सुमारास ते खुर्चीत बसल्या बसल्या घामाने भिजले, हात थरथरू लागले, मी काय विचारते ते त्यांना कळेना. डॉक्टरांनी हे सांगून ठेवलं होतं: सुई घेतली आणि जेवण चुकलं तर रक्तातली साखर एकदम उतरते. मी साखरेचं पाणी केलं आणि चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. दहा मिनिटांत ते भानावर आले.

"काय घातलंस तोंडात?"

"साखर."

"आज काय आहे?"

"एकादशी."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी मठात पुराण असायचं, तिथे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पारण्याच्या पानावर त्यांनी मला तो प्रश्न विचारला. "पुट्टी," ते म्हणाले. मी एवढी मोठी झाले तरी ते मला पुट्टीच, म्हणजे छोटीच, म्हणत. "तू सायन्स शिकतेस. ही सुई कशासाठी?"

"साखरेसाठी."

"पोटात अन्न नाही तर साखर कुठून येणार?"

"नाही येणार."

"मग एकादशीला सुई?"

"एकादशीला नका घेऊ."

"सरी, बरं तर," ते म्हणाले, आणि जेवू लागले.

एवढंच. डॉक्टरांना विचारू या असं मला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर दवाखान्यात जाऊन बोलावं लागेल म्हणून मी ते मागे टाकलं असेल. आमचा हिशेब बिनचूक दिसत होता, आणि वहीही आमच्याच बाजूने होती. एकादशीच्या संध्याकाळी नळी उकळली की ती निळी, फार तर निळसर हिरवी राहायची. इतर दिवसांच्या पिवळ्या-नारिंगी चौकोनांत ते दोन निळे चौकोन उठून दिसायचे. अण्णा वही माझ्यासमोर धरायचे. "बघ, सुईशिवाय. नुसत्या देवाच्या नावावर." मठात ते ओळखीच्यांना सांगायचे की आमची मुलगी सायन्सवाली आहे, तिनेच सांगितलं. शिवाय महिन्यातून दोन दिवस त्यांना त्या बाटलीला शिवावं लागत नव्हतं. त्याचा त्यांना किती मोकळेपणा वाटत असेल हे मी नुसतं त्यांच्या चालण्यावरून ओळखायचे.

द्वादशीला ते थकलेले असत. मळमळतं म्हणायचे, पारण्याचे दोन घास खाऊन पान सरकवायचे, श्वास जरा जोरात चाले. "उपवासाचा थकवा," ते म्हणायचे. मीही तेच म्हणायचे.

पदवीनंतर मला शहराच्या उत्तर टोकाच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. आमच्या बसवनगुडीहून दोन बस. तिथले सर मधुमेहात शरीरातल्या चरबीचं काय होतं यावर काम करत होते. साखरेवर सगळं जग काम करत होतं. सरांना साखरेत रस नव्हता. ते म्हणायचे, साखर लघवीत उतरते, गोड लागते, तिला मुंग्या लागतात, म्हणून दोन हजार वर्षं सगळे साखरेकडेच बघत बसले. चरबी आपली मुकाट्याने काम करते.

हे ते इंग्रजीत म्हणायचे. तिथे सगळं इंग्रजीत चाले आणि माझं इंग्रजी तिथल्या मुलांपेक्षा चांगलं होतं. त्याचा उपयोग मी थोडक्यात उत्तर देऊन बोलणं संपवायला करायचे. दुपारी मुलं घोळक्याने कँटीनला जायची. मी डबा घेऊन मागच्या बाजूला पिंजऱ्यांच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसायचे. कुणी बोलावलं नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा बोलावलं. मी दोनदा नको म्हटलं, मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि मग मला वाटायला लागलं की तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी गेले असते.

पिंजऱ्यांचं काम बघायला एक म्हातारा माणूस होता. सगळे त्याला ताता म्हणायचे, म्हणजे आजोबा. तो येलहंक्याहून सकाळच्या गाडीने यायचा आणि कधी कधी धोतराच्या सोग्यात पेरू बांधून आणायचा. उंदरांशी तो कन्नडमध्ये बोलायचा, माझ्याशीही जवळजवळ त्याच स्वरात. "जेवलात का अम्मा? हा तिसऱ्या नंबरवाला नाही जेवला. फार गर्व चढलाय."

काम असं होतं. काही उंदरांना एक औषध टोचून मधुमेह आणलेला असे. काही निरोगी ठेवलेले. दोन्हींतले काही पोटभर खाल्लेले, काही उपाशी. मग त्यांच्या ओटीपोटातली चरबीची पातळ पापुद्र्यासारखी चादर काढून, तिचे तुकडे कोमट पाण्यात हलणाऱ्या चंबूंत तासभर ठेवायचे. शरीरात चरबी साठवलेली असते ती बांधलेल्या गाठोड्यासारखी. गाठोडं सुटलं की त्यातून फॅटी ॲसिडं बाहेर पडतात, रक्तात उतरतात, आणि यकृत, हृदय, स्नायू ती जाळतात. तासाभरात त्या तुकड्यातून किती फॅटी ॲसिड बाहेर आलं ते मोजणं माझं काम. ब्युरेटमधून अल्कली थेंब थेंब सोडायची आणि चंबूतला रंग पालटला की थांबायचं. थेंब जितके जास्त, तितकी चरबी जास्त सुटली.

पोटभर खाल्लेल्या निरोगी उंदराची चरबी शांत असायची. थोड्याच थेंबांत रंग पालटे. उपाशी निरोगी उंदराची जास्त सुटे. त्यात नवल नाही. उपाशी जीव साठवलेल्यावरच जगतो. मधुमेही उंदराची, खाल्लेलं असो वा नसो, भराभर सुटायची. पण ज्या दिवशी मी पहिल्यांदा उपाशी मधुमेही उंदराचा चंबू ब्युरेटखाली ठेवला त्या दिवशी रंग पालटायचं नावच घेईना. मला वाटलं ब्युरेटची तोटी गळतेय. ती पुसली, ग्रीज लावलं, दुसरा चंबू घेतला. तेच. सरांकडे जाऊन मी सांगितलं की माझं काहीतरी चुकतंय.

सर आले, आकडे बघितले, आणि हसले. "तुझं काही चुकलेलं नाही. आता याच उंदराच्या चरबीत इन्सुलिनचे दोन थेंब टाकून बघ. चंबूत साखर घालू नकोस. अजिबात नको."

मी तसं केलं. तासाभराने मोजलं तर थेंब जवळजवळ निम्म्यावर आले होते.

"बघितलंस?" सर म्हणाले. "या चंबूत साखरच नाही. मग इन्सुलिन काय करतंय? चरबीला धरून ठेवतंय. निरोगी माणूस उपास करतो तेव्हाही त्याच्या रक्तात थोडंसं इन्सुलिन असतं, आणि ते चरबीला सांगत असतं, हळू, हळू. मधुमेह्याच्या चरबीला हळू म्हणणारं कुणी नाही. ती सगळी एकदम यकृतावर येऊन पडते. यकृत तरी किती जाळणार? ते तिचं अर्धवट जळलेलं ॲसिड करून रक्तात ढकलतं. साखरेने माणूस मरायला वर्षं लागतात. याने दोन-तीन दिवसांत मरतो."

मी "येस सर" म्हटलं आणि चंबू धुवायला नेले. धुतलेलेच चंबू पुन्हा धुतले.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशीसुद्धा मी स्वतःला समजावलं. उंदीर वेगळे, माणूस वेगळा. अण्णा दोन वर्षं करताहेत, काही झालं का? वही निळी आहे. असा आठवडा काढला. मग एका सकाळी ताताने मला हाक मारली.

"अम्मा, सरांना सांगा, हा पाचवा वापरायचा तर आज वापरा. उद्या नाही राहणार."

"कशावरून?"

"वास घ्या ना."

मी मागे सरले. तो हसला. "चावत नाही. त्याच्यात आता चावायचं त्राण कुठंय? स्वल्प पुढे या."

मी पिंजऱ्याजवळ तोंड नेलं. उंदीर कोपऱ्यात बसून जोरजोरात श्वास घेत होता. वास गोडसर होता, पिकून सुटलेल्या, आतून बसलेल्या पेरूसारखा.

तो आमच्या घरातला वास होता. द्वादशीच्या पहाटे अण्णांच्या पानात वाढायला वाकले की तो यायचा. लहानपणापासून तो माझ्या ओळखीचा होता, कारण आईच्या तोंडालाही द्वादशीला तसाच वास असायचा, अगदी पुसट. मी त्याला उपवासाचा वास समजत होते. अण्णांचा वास आईच्यापेक्षा किती दाट होता हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी त्याचा अर्थ असा लावला होता की पुरुषांना उपवासाची सवय नसते.

एकादशी तीन दिवसांवर होती.

ते तीन दिवस मी अण्णांना सांगायला तीनदा गेले असेन. एकदा ते रंगपेटी साफ करत होते. एकदा शेजारचे कोणी बसले होते. एकदा ते नुसतेच बसले होते आणि मला म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, दिवा लावू का?" सांगायचं म्हणजे नुसतं सुई घ्या म्हणून भागणार नव्हतं. सुई घ्यायची तर काहीतरी पोटात घ्यायलाच हवं, नाहीतर पुन्हा तो घाम आणि ती थरथर. म्हणजे त्यांची एकादशी मोडायची. आईच्या मागे त्यांनी एवढी एकच गोष्ट स्वतःहून हातात घेतली होती. आणि मी सांगितलेलं चुकलं हेही सांगायचं होतं. यातलं मला जास्त जड काय वाटत होतं ते मी अजून स्वतःलाही विचारत नाही.

एकादशी आली. सिरिंज उकळली गेली नाही. संध्याकाळची नळी निळीच राहिली, अण्णांनी चौकोन रंगवला आणि मठात गेले.

द्वादशीच्या पहाटे वाढताना मी वाकले आणि श्वास धरून ठेवला. मग सोडला. वास होता. त्यांनी आवळ्याची चटणी बोटावर घेतली, ओठांना लावली आणि म्हणाले, "आज स्वल्प जास्तच मळमळतंय बघ." सुई आंघोळीआधीच झाली होती. मी सकाळच्या तपासणीतून उरलेली लघवी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, पर्समध्ये घातली. दोन बस मी ती पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

प्रयोगशाळेत अजून कोणी आलं नव्हतं. उंदरांच्या लघवीत ते अर्धवट जळलेलं ॲसिड उतरलं आहे का ते बघायची आमची एक साधी रीत होती: एक क्षार भरपूर विरघळवायचा, दुसऱ्याचा एक खडा टाकायचा, आणि वरून कडेकडेने अमोनिया सोडायचा. असेल तर मध्ये जांभळी कडी उमटते. मी अमोनिया सोडला. कडी उमटली, आणि बघता बघता खाली उतरत पूर्ण नळी जांभळी झाली.

"कुणाचं अम्मा हे?" ताता दारात उभा होता.

"पिंजऱ्यातलं."

त्याने बाटलीकडे बघितलं. ती अर्धी भरलेली होती. "उंदीर एवढं देत नाही," तो म्हणाला. मग खोलीत येऊन माझ्या शेजारचं स्टूल पुढे ओढलं, आणि मी बसल्यावर काहीही न विचारता पिंजरे धुवायला निघून गेला.

दुपारी माझं डोकं दुखतंय असं सरांना सांगून मी निघाले आणि थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. ते आमच्या भागातले जुने डॉक्टर, आईला त्यांनीच बघितलं होतं. मी सगळं सांगितलं. सांगताना इंग्रजीत सांगितलं, कारण इंग्रजीत ते दुसऱ्या कुणाच्या घरातलं वाटत होतं.

डॉक्टर कन्नडमध्ये ओरडले. "सुई पूर्ण बंद? दोन वर्षं? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना, अर्धी घ्या आणि दूध-फळं घ्या! कुठल्या शहाण्याने सांगितलं त्यांना हे?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचे वडील नशीबवान आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या शरीरात स्वतःचं स्वल्प इन्सुलिन अजून शिल्लक असणार. म्हणून दोन वर्षं निभावलं. एखाद्या एकादशीला ताप आला असता, जुलाब झाले असते, तर द्वादशी उजाडली नसती. घरी जा आणि आजच सांगा."

मी प्रयोगशाळेतून ते दोन्ही क्षार आणि अमोनियाची छोटी बाटली मागून आणली होती. संध्याकाळी अण्णा पडवीत बसले होते. सकाळपेक्षा बरे दिसत होते. मी त्यांच्यासमोर पाटावर दोन परीक्षानळ्या ठेवल्या, स्पिरिटचा दिवा लावला, आणि उरलेली लघवी दोन्हींत घातली. पहिलीत बेनेडिक्ट घालून उकळलं.

"निळसर हिरवा," अण्णा म्हणाले. "सकाळी केलं होतं ना? आता कशाला परत?"

मी दुसरीत दोन्ही क्षार घालून अमोनिया सोडला. ते पुढे वाकले. रंग कसा उतरतो ते त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, कारागिराच्या नजरेने. "किती सुंदर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "हा माझ्या वहीत नाही."

"ही चरबी आहे अण्णा. म्हणजे चरबीतून निघालेलं विष."

मी सांगितलं. घरच्या मराठीत फॅटी ॲसिडला शब्द नव्हता आणि चरबी हा शब्द आमच्याकडे माजलेल्या माणसाबद्दल बोलतानाच निघत असे, त्यामुळे मी अडखळत होते. चंबू, उंदीर, इन्सुलिनचे दोन थेंब, सगळं सांगितलं. सुई साखरेसाठी असते एवढंच मला माहीत होतं, ते अर्धंच होतं, हेही सांगितलं. मी थांबल्यावर त्यांनी पाटावर बोटाने एक गोल काढला.

"हे केरे," ते म्हणाले. तलावाला ते मराठी बोलतानाही केरेच म्हणायचे. आयुष्यभर तेच रंगवले होते. "वर्षभराचं पाणी साठवलंय. खाली तूबू, पाणी सोडायचं दार. दारावर एक माणूस असतो. पाऊस नसला तर तो रोज थोडं थोडं सोडतो. बरोबर?"

"बरोबर."

"आणि आपण म्हटलं, पाऊसच नाही तर दारावर माणूस कशाला? त्याला सुट्टी दिली."

"हो."

"मग केरे एका दिवसात रिकामं, आणि खालचं गाव पाण्यात." त्यांनी तो न दिसणारा गोल हाताने पुसला. मग विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "दहा-बारा दिवस झाले."

"म्हणजे कालची एकादशी..."

"हो."

"कळूनसुद्धा जाऊ दिलीस?"

दिवा तसाच जळत होता, तो मी विझवला. ते रागावतील असं मला वाटलं होतं, आणि मी त्याची तयारी करून आले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण नवीन भाडेकरूकडे बघतो: हे कोण माणूस आपल्या घरात राहतंय? मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मीच असा आहे का पुट्टी, की मला सांगायला भीती वाटावी?"

मला म्हणायचं होतं की भीती तुमची नाही. तेवढंच म्हणायचं होतं. मी नळ्या उचलल्या आणि धुवायला आत गेले.

पुढच्या एकादशीला त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. सकाळी अर्धी सुई घेतली. नंतर डोक्यावरून पाणी घेतलं, देवघरात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. साडेदहाला मी दूध तापवलं आणि एक केळं सोलून ताटलीत ठेवलं. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले, ते बघितलं, आणि म्हणाले, "तुझं काही काम नाही का बाहेर?"

"आज रविवार आहे अण्णा."

"तरी. फिरून ये स्वल्प. लायब्ररीत जा."

मला कळलं. मी चपला घालून निघाले. लायब्ररी रविवारी बंद असते. मी टेकडीच्या बागेत जाऊन एका खडकावर बसले. तिथे माणसं मुलांना घेऊन आली होती, शेंगा खात होती. तासाभराने परतले तर पेला घासून पालथा घातलेला होता, ताटली जागेवर, केळ्याचं साल कुठे टाकलं होतं कोण जाणे. अण्णा पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. आम्ही पाण्याच्या नळाबद्दल काहीतरी बोललो.

त्या संध्याकाळी ते मठात गेले नाहीत. तिथे एकमेकांना विचारायची पद्धत आहे, निर्जला ना? त्यांना खोटं बोलता येत नाही. पुढच्याही एकादशीला गेले नाहीत, आणि मग इतर दिवशी जाणंही हळूहळू कमी झालं. मठातले एक-दोन जण चौकशीला आले. अण्णांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

याला आता तीन वर्षं झाली. द्वादशीला ते पोटभर जेवतात, मळमळ नाही. वजन थोडं भरलं आहे, डॉक्टर खूश आहेत. सरांचा लेख छापून आला, त्यात शेवटी मदतनिसांचे आभार आहेत. तो अण्णांना दाखवावा असं मला वाटतं. अजून दाखवलेला नाही.

दर एकादशीला साडेदहाला, मी घरी असले तर, दूध ओट्यावर ठेवते आणि बाहेर पडते. फाटकापर्यंत पोचायच्या आत अण्णा आतून दार लावून घेतात. कडी जुनी आहे, एका झटक्यात बसत नाही. ती बसेपर्यंत मी फाटकाशी थांबते, आणि मग चालू लागते.